गर्भाचा हिशेब आणि बाईवरचा बोल

गेल्या पावसाळ्यात आमच्या धाकट्या भावजयीचा गर्भ तिसऱ्या महिन्यातच पडला. दवाखान्यातून ती घरी आली तेव्हा आमची माय ओट्यावर बसून म्हणाली, "ग्रहनात इळा हाती घेतला व्हता तिनं, म्हनून असं झालं."

आम्ही तिथेच होतो. वाशीम जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत अंधश्रद्धेवर बोलत फिरणारे आम्ही, मायेपुढे मात्र गप्प बसलो. भावजय खाली मान घालून आत निघून गेली. आमचे ते गप्प बसणे आम्हालाच फार दिवस टोचत राहिले.

त्याच आठवड्यात आमची मुलगी सुटीवर घरी आली. ती बीएस्सीला आहे. टोपल्यातल्या पिकल्या केळ्यांवर चिलटे बसली होती. आम्ही फडक्याने हाकलू लागलो, तर म्हणाली, "बाबा, आम्हाला ह्याच माशीवर धडा आहे. गर्भ कसा वाढतो अन् कुठं थांबतो, हे हिच्यावरूनच पुष्कळ कळलं." शास्त्रात तिचे नाव ड्रोसोफिला. आम्ही पडलो बी. कॉम. झालेले कारकून, जमाखर्चापलीकडे आमची धाव नाही. पण तिने सांगितले ते हिशेबासारखेच निघाले.

या माशीचे अंडे जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब. सुरुवातीला त्यात पेशींच्या भिंतीच नसतात. एकाच खोलीत केंद्रके तेवढी दुप्पट होत जातात. एकाची दोन, दोनाची चार, अशा १३ फेऱ्या. पहिल्या फेऱ्यांना प्रत्येकी ८-९ मिनिटे लागतात. दहाव्या फेरीपासून वेग मंदावतो, तेराव्या फेरीला वीसेक मिनिटे लागतात. हे सारे साधारण दोन तासांत आटोपते. मग मोठा थांबा येतो. तासाभरात केंद्रकांभोवती भिंती उभ्या राहतात आणि सुमारे ६००० पेशी तयार होतात. तोवर गर्भ बहुतेक आईने अंड्यात भरून दिलेल्या शिदोरीवर चालतो. पुढे त्याची स्वतःची जनुके कामाला लागतात.

थांबायचे केव्हा, हे त्याला कसे कळते? अंड्यातला रस तेवढाच असतो, पण डीएनए दर फेरीला दुप्पट होतो. त्याची नक्कल करायला लागणारा माल अपुरा पडू लागतो आणि नक्कल लांबते. तेव्हा 'चेक-१' नावाचे प्रथिन विभाजन रोखून धरते. आधी नक्कल पुरी होऊ द्या, मगच वाटणी करा, असा त्याचा कारभार. पुढे विभाजनाला रेटा देणारे 'ट्वाइन' नावाचे प्रथिनही नाहीसे होते. निम्माच डीएनए असलेल्या गर्भात एक फेरी जास्त होते, हे शास्त्रज्ञांनी पाहिले आहे. म्हणजे गर्भ नुसत्या फेऱ्या मोजत नाही. डीएनए आणि रस यांचे प्रमाण बघतो. ज्या गर्भात चेक-१ नसते, तो वेळेवर थांबत नाही. नक्कल अर्धवट असतानाच वाटणी होते, गुणसूत्रांचा गुंता होतो आणि गर्भ मरतो.

या माशीच्या गर्भवाढीवरील कामासाठी १९९५ साली एडवर्ड लुईस, क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या पुण्यातही 'आयसर' संस्थेत रिचा रिखी यांच्या प्रयोगशाळेत या माशीच्या गर्भावर संशोधन झाले आहे.

माणसाचे सारे असेच नाही. मानवी गर्भाच्या पहिल्या विभाजनालाच जवळपास एक दिवस लागतो. पण गुणसूत्रांचा हिशेब तिथेही आहेच. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ पडतात, त्यांतल्या निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते. ती चूक बहुधा गर्भ राहण्याआधी, बीज तयार होतानाच झालेली असते. त्यात विळ्याचा संबंध नाही, ग्रहणाचा नाही आणि बाईच्या पायगुणाचा तर मुळीच नाही.

त्या रात्री आम्ही मायेजवळ बसून हे सगळे सांगितले. तिला डीएनए काही कळला नसावा. बराच वेळ ती बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "मलेबी दोन डाव असंच झालं व्हतं. माह्या सासूनं मलेच बोल लावला व्हता." आम्हाला पंचेचाळीस वर्षांत हे ठाऊक नव्हते.

सकाळी माय स्वतः उठून भावजयीला चहा घेऊन गेली. आम्हीही भावजयीला म्हटले, "त्या दिवशी आम्ही बोलायला पाहिजे होते. चुकलो."

वाचक बंधू-भगिनींनो, असा प्रसंग कुणाच्याही घरी येऊ शकतो. बाईला आधी दवाखान्यात न्या. तिला विश्रांती द्या, चांगले खाऊ घाला. पुन्हा पुन्हा असे होत असेल, तर नवरा-बायको दोघांचीही तपासणी करून घ्या. आणि घरात कुणी तिला बोल लावत असेल, तर आमच्यासारखे गप्प बसू नका.