साग पानावर आला की

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक आधी छत्रीचा आकार बघतं. छत्री जेवढी मोठी तेवढी रेंज जास्त, हा हिशोब टीव्हीच्या दिवसांपासून डोक्यात बसलेला. दापोली तालुक्यातल्या वाड्यांवर बिनतारी इंटरनेट द्यायला लागलो तेव्हा माझ्याही डोक्यात थोडाफार तोच होता.

एप्रिलमधली गोष्ट. आमचा टॉवर सड्यावर, देवळाच्या मागे. एका गिऱ्हाईक काकूंचं घर खाली उतारावर, सरळ रेषेत साडेतीन किलोमीटर. मुलगा मुंबईहून येऊन घरूनच काम करणार होता, त्यामुळे घाई. कौलांच्या कडेला तीन मीटरचा पाईप उभा केला आणि त्यावर २३ डीबीआयची लहान छत्री चढवली (डीबीआय म्हणजे छत्री सिग्नल किती एकवटते त्याचं माप). समोर शंभरेक मीटरवर सागाची दहा-बारा झाडं होती, पण पार खराटा झालेली. फांद्यांतून टॉवर स्वच्छ दिसत होता. सिग्नल उणे ५९. हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला, आणि उणे ५९ म्हणजे उत्तमच. कोकम सरबत पिऊन मी खुशीत निघालो.

जुलैत फोन आला, "नेट मेलंय." जाऊन बघतो तर उणे ७७. पावसावर खापर फोडणं सोपं होतं, पण ५.८ गिगाहर्ट्झवर एवढ्या अंतरात मुसळधार पाऊससुद्धा एखाद-दोन डेसिबलच खातो. म्हटलं छत्री हलली असेल. भिजत भिजत तासभर फिरवली, आकडा ढिम्म. मग केली ती चूक: ६२ सेंटिमीटरची मोठी छत्री आणून लावली.

अँटेना ताकद निर्माण करत नाही. आहे तीच एका दिशेला गोळा करते. पोफळीला पाणी शिंपताना पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते, पण बारीक होते, तसंच हे. १६ डीबीआयच्या चपट्या पॅनेलची धार साधारण ४० अंश रुंद, २३ डीबीआयच्या छत्रीची १० अंश, आणि या मोठ्या छत्रीची जेमतेम ६. तिने मला ६ डेसिबल जास्त दिले, म्हणजे चौपट सिग्नल. आकडा उणे ७१ वर आला. पण भरीव पत्र्याचं ते शीड तीन मीटरच्या पाइपावर. पहिल्याच वाऱ्यात पाईप क्लॅम्पमध्ये दोन बोटं फिरला आणि धार टॉवर सोडून भलतीकडे. तिसऱ्या खेपेला शिडी लावताना पडवीतून काकू म्हणाल्या, "अरे, तो टॉवर देवळाकडेच ना? मग नाय दिसायचा. साग पानावर आला की देवळातला दिवा दिसेनासा होतो. शिमग्याला परत दिसायला लागतो."

मी शिडीवर तसाच उभा राहिलो. झाडांकडे मी आधीही पाहिलं होतं, पण तेव्हा ती उघडी होती. आता सुपाएवढी पानं, तीही पाण्याने निथळणारी. बरं, लहरींना डोळ्याच्या रेषेएवढी चिंचोळी फट पुरत नाही. या अंतरासाठी, घरापासून शंभर मीटरवर त्या रेषेभोवती सव्वादोन मीटर त्रिज्येची जागा लागते आणि तिचा निम्म्याहून जास्त भाग मोकळा हवा. एप्रिलच्या काड्यांतून ते निभावलं. जुलैच्या भिंतीतून कुठली छत्री पार होणार?

"काकू, पावसात देऊळ दिसतं अशी जागा आहे का हो कुठे?"

"गोठ्याच्या टोकाला ये."

तिथून साग डाव्या हाताला राहत होते. चिऱ्याच्या खांबाला हातभर पाईप आवळला आणि त्यावर १६ डीबीआयचं पॅनेल, जेवणाच्या डब्याएवढं. घरापर्यंत तीस मीटर केबल. सिग्नल उणे ६६. आकडा एप्रिलपेक्षा कमी, पण वारा सुटला तरी जागचा हलेना, कारण आखूड पाईप फिरत नव्हता आणि ४० अंशांच्या धारेला थोडंफार इकडेतिकडे चालतं.

म्हणून पॅनेलच सगळीकडे लावा असंही नाही. रुंद कान सगळ्यांचं ऐकतो. २०१८ साली ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा परवानामुक्त झाला. दापोली शहरात आता छपराछपरावर त्यातलं काहीतरी बोलत असतं. तिथे मी अरुंद धारेची छत्रीच लावतो, तीही पक्क्या भिंतीला. चारी बाजूंनी ओढणारी दांडी हवी म्हणणारे भेटतात. त्यांना सांगतो, तुमचा टॉवर एकाच दिशेला आहे, बाकी तीन बाजूंनी फक्त गोंगाट येईल. वाडीवर मात्र गोंगाट नसतो. तिथे झाडं आणि वारा.

तेव्हापासून नव्या घरी गेलो की यंत्र पिशवीतून काढण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारतो, पावसात इथून काय दिसतं?

मोठी छत्री गाडीत टाकताना काकूंनी पॅनेलकडे बघून घेतलं. "एवढी मोठी काढलीस आणि ही डबी लावलीस. मग पैसे कमी घेणार ना?"

त्या महिन्याचं बिल मी पाठवलं नाही.