तसाच दुसरा

‘तसाच दुसरा आहे का?’ हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला तो १९९६ च्या मे महिन्यात, सांगलीतल्या एका दुकानात. टीव्हीला जोडायच्या गेमच्या कॅसेटी तिथं भाड्यानं मिळत. मी बारा वर्षांची होते. ‘कशासारखा?’ दुकानदारानं विचारलं. ‘प्रिन्ससारखा,’ मी म्हटलं. ‘म्हणजे तलवारीचा,’ असं स्वतःशीच म्हणत त्यानं वरच्या फळीवरून एक कॅसेट काढून दिली. घरी येऊन लावली. तलवार होती, एकामागून एक येणारे शत्रू होते, रंगही छान होते. दुसऱ्या दिवशी मी ती परत केली. काय कमी पडलं ते मला सांगता येईना, आणि सांगता येत नाही याचंच रडू येत होतं.

प्रिन्स म्हणजे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणानं तो १९८९ साली केला. आमच्या पिढीनं तो डॉसवर खेळला. चपला बाहेर काढून आत जायचं, कॉम्प्युटरवरचं धुळीचं कापड घडी करून बाजूला ठेवायचं, अशा एका क्लासमध्ये दादा आणि मी जात होतो. दादा पंधरा वर्षांचा. आठवडाभर टायपिंग नीट केलं की रविवारी सर एक तास खेळू देत. गेमचा राजपुत्र तळघरात असतो, राजकन्या मनोऱ्यात, आणि वजिरानं तिला दिलेली मुदतही एकच तासाची. बारा टप्पे, साठ मिनिटं. मेलं तरी त्या टप्प्याच्या सुरुवातीपासून पुन्हा उठता येई, पण घड्याळ मागं जात नसे. आमचा तास आणि राजपुत्राचा तास बरोबरच संपायचा.

त्या तासावरून आमची भांडणं होत. दादाला एकच हवं असे: गेल्या रविवारपेक्षा लवकर पोचायचं. कुठली फरशी पायाखालून निसटते, कुठं जमिनीतून सुळे वर येतात, हे सगळं तो पाठ करून धावत सुटायचा. मी शिफ्टचं बटण दाबून एकेक पाऊल टाकायचे. तसं जपून चाललं की सुळ्यांमधूनही इजा न होता जाता येतं, हे घरात आधी मला कळलं होतं. पण माझं लक्ष दारांकडं असे. डावीकडं रस्ता नाही हे दिसत असूनही मी डावीकडं जाऊन भिंत बघून येई. दादा मागं उभा राहून पाय आपटायचा, ‘तिकडं काही नाहीये! वेळ चाललाय!’

मग क्लासमधल्या एका मुलानं गुपित फोडलं. गेम सुरू करताना ‘प्रिन्स’ या शब्दापुढं ‘मेगाहिट’ असं टाइप केलं की सगळी कुलपं उघडतात. टप्पा ओलांडता येतो, अंगातला जीव वाढवता येतो, शिफ्टबरोबर डब्ल्यू दाबलं तर राजपुत्र पिसासारखा हळूहळू खाली उतरतो. मला तर स्वर्ग सापडला. वेळेची, मरणाची भीती संपली आणि मी आख्खा किल्ला हिंडले. आरशातून उडी मारल्यावर राजपुत्राची सावली त्याच्यापासून सुटून पळून जाते, ते मी पुन्हा पुन्हा बघितलं. (ही सावलीही अडचणीतून जन्मली होती. मेकनरच्या ॲपल टू कॉम्प्युटरच्या मेमरीत नव्या शत्रूची चित्रं ठेवायला जागाच उरली नव्हती, म्हणून राजपुत्राचीच चित्रं थोडी सरकवून हा शत्रू उभा केला. आणि राजपुत्राची ती धाव, त्या उड्या? त्या मेकनरच्या धाकट्या भावाच्या. त्याला पळायला लावून चित्रीकरण केलं आणि एकेक चौकट बघून चित्रं काढली. हे पुढं कितीतरी वर्षांनी वाचलं, तेव्हा मला आधी माझा भाऊ आठवला.)

दादा मात्र मेगाहिटवर भयंकर चिडला. ‘ही फसवणूक आहे,’ तो म्हणाला. ‘मग खेळायचंच कशाला?’ मला त्याचं म्हणणं खरोखरच कळलं नाही. आतल्या खोल्या बघायला मिळाल्या, तर फसवलं कुणाला? दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. पडद्यावर एकच खेळ दिसत असला तरी आम्ही दोघं दोन वेगळे खेळ खेळत होतो. त्याच्या खेळात घड्याळ होतं, माझ्या खेळात किल्ला.

योगायोग असा की त्याच वर्षी, १९९६ मध्ये, रिचर्ड बार्टल यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. बार्टल आणि रॉय ट्रबशॉ यांनी इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात १९७८ पासून एक गेम उभा केला होता. त्यात चित्र एकही नाही, नुसते शब्द, आणि एकाच वेळी अनेकांनी त्या जगात वावरायचं. लोक एकाच जागी येऊन किती निरनिराळ्या गोष्टी करतात, हे बार्टल वर्षानुवर्षं बघत होते. त्यांनी खेळणाऱ्यांना पत्त्यांची नावं दिली. गुण आणि खजिना गोळा करणारे ते चौकट. लोकांसाठी येणारे ते बदाम. दुसऱ्याला हरवण्यात, छळण्यात ज्यांना गंमत वाटते ते किलवर, कारण इंग्रजीत त्या पानाचं नाव म्हणजे सोटा. आणि जग खणून बघणारे ते इस्पिक, कारण इस्पिकाचा इंग्रजी शब्द फावड्यालाही चालतो. मी इस्पिक होते तर! तिशी ओलांडल्यावर हे वाचताना इतका आनंद झाला की मी बंगळुरूहून पुण्याला दादाला फोन लावला. तो म्हणाला, ‘म्हणजे मी चौकट,’ आणि पाठोपाठ, ‘आणि आई बदाम.’

आई आणि बदाम. हे त्यानं सहज म्हटलं, पण माझ्या डोळ्यांपुढं सुट्टीतला पत्त्यांचा डाव उभा राहिला. इंदूरची मावशी, बडोद्याची मावशी, मध्ये चादर, आणि बदाम सात. त्या खेळाचं मर्म म्हणजे पान अडवून धरणं. आपल्याकडं छक्की असेल तर ती दाबून ठेवायची, म्हणजे खालची पानं हातात घेऊन बसलेला कुढत राहतो. आईनं पान दाबून ठेवल्याचं मला आठवत नाही. धाकट्या बहिणीचा चेहरा जरा उतरला की आई अडलेलं पान टाकून मोकळी व्हायची. आम्हाला वाटे, आईला खेळता येत नाही.

२००९ मध्ये फेसबुकवर फार्मव्हिल आलं आणि वर्षभरात आई त्यात रमली. साठीची आई, दुपारची झोप सोडून, स्ट्रॉबेरी चार तासांत तयार होते म्हणून गजर लावायची. शेतकऱ्याची मुलगी ती, माहेरची जमीन विकल्याला पंचवीस वर्षं झालेली. आम्ही सगळ्यांनी आपापसात ठरवून टाकलं की तिला शेताची ओढ आहे. तिला विचारलं मात्र कुणीच नाही. ३१ डिसेंबर २०२० ला ते फार्मव्हिल बंद झालं. ज्या फ्लॅशवर ते चालायचं त्याचाच आधार त्या दिवशी संपत होता. टाळेबंदीचं वर्ष, आई सांगलीत एकटी. फोनवर तिचा आवाज बारीक झाला होता. ‘तसाच दुसरा शोधून दे गं,’ ती म्हणाली.

माझाच प्रश्न पंचवीस वर्षांनी माझ्याकडं परत आला होता, आणि मी त्या दुकानदारानं केलं तेच केलं. शेताचा गेम गेला, शेताचा गेम दिला. फोनमधल्या दुकानात ‘यासारखे’ म्हणून जी रांग दाखवतात, तिच्यात कोंबड्या, गव्हाची शेतं आणि लाल कौलांचं कोठार असलेले गेम हारीनं उभे होते. तीन गेम बसवून दिले. आई दोन-दोन दिवस खेळली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘छान आहे. पण आता पुरे.’

या सुमारास मी निक यी यांचं काम वाचत होते. ऑनलाइन खेळणाऱ्या हजारो लोकांना ‘तुम्ही का खेळता’ हे विचारण्यात या संशोधकाची वर्षं गेली आहेत. बार्टलची पानं त्यांना अपुरी वाटली. माणूस एकाच रंगाचं पान नसतो. प्रत्येकात सगळ्या ओढी थोड्याफार असतात, कुठली किती एवढाच फरक. २००६ च्या त्यांच्या निबंधात तीन हजार खेळाडूंची उत्तरं आहेत. पुढं निकोला द्युशनो यांच्याबरोबर त्यांनी अशा बारा ओढी मांडल्या. त्यात मोडतोड आहे, स्पर्धा आहे, डावपेच आहेत, गोष्ट आहे, नवं धुंडाळणं आहे, माणसांची सोबत आहे. गेमच्या पडद्यावर शेत आहे की अवकाश, याला या मांडणीत महत्त्व नाही. दोन शेतांचे गेम एकमेकांपासून दूर असू शकतात, आणि शेताचा गेम एखाद्या भलत्याच गेमच्या अगदी शेजारी बसू शकतो.

मी आईला फोन केला आणि पहिल्यांदा नीट विचारलं, ‘आई, फार्मव्हिलमध्ये उघडल्या उघडल्या काय करायचीस?’

‘काय म्हणजे? आधी सगळ्यांच्या शेतांवर एक चक्कर. इंदूरच्या ताईच्या शेताला खत घालायचे. तिची भेट आली असेल तर तिला परत पाठवायची, तसं रिकामं ठेवू नये. मग वेळ उरला तर आपलं बघायचं.’

रिकामं ठेवू नये. शेजारणीचं भांडं परत करताना त्यात काहीतरी घालून द्यायचं असतं, तेच हे. अकरा वर्षं आई शेती करतच नव्हती. ती वाणवळा पाठवत होती. मी दिलेल्या गेममध्ये तिची माणसं कुठं होती? गायी होत्या.

तेव्हा मी तिच्या फोनवर लुडो किंग बसवलं. नवी मुंबईतल्या कंपनीनं २०१६ मध्ये काढलेला तो साधा लुडो. ओळखीच्यांसाठी वेगळी खोली उघडायची, आकडा पाठवायचा, की चौघं चार गावांतून एका पटावर. खेळता खेळता बोलताही येतं. शेताशी त्याचा काही संबंध नाही, आणि कुठलंही दुकान फार्मव्हिलच्या रांगेत तो मांडणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला दोन मावश्या आणि आई जमल्या, आणि अजूनही जमतात.

माझ्यासाठी तसाच दुसरा शोधायलाही मी आता हीच वाट धरली. तलवार, राजवाडा, राजकन्या हे सगळं बाजूला ठेवलं आणि उरलं काय ते बघितलं. ठरावीक वेळ असलेलं जग. मेल्यावर पुन्हा पहिल्या जागी उठणं, आणि मागच्या वेळचं फक्त एकच सोबत येणं, ते म्हणजे आपल्याला काय कळलं. हे असं कागदावर लिहिल्यानंतर ‘आउटर वाइल्ड्स’ समोर आला. २०१९ चा गेम. एक छोटी सूर्यमाला, एक लाकडी वाटावं असं यान, आणि बावीस मिनिटांनी सूर्याचा स्फोट. पुन्हा शेकोटीपाशी जाग येते. नवं शस्त्र मिळत नाही, ताकद वाढत नाही. मागच्या फेरीत जे उमगलं तेवढ्याच जोरावर पुढची फेरी. पहिल्यांदा सूर्य फुटला तेव्हा मी रात्री दीड वाजता एकटीच खोलीत उभी राहिले होते. क्लासमधल्या त्या खुर्चीतली बारा वर्षांची मुलगी इतकी जवळ आली होती की तिचा हात धरावासा वाटला. दिसायला या दोन गेममध्ये एक रेघही सारखी नाही.

दादालाही खेळायला लावला. त्याला तो आवडला नाही, आणि आता यावर आमचं भांडण होत नाही. त्याच्या पंचेचाळिशीत तो घड्याळही लावत नाही. वय वाढतं तशी स्पर्धेची ओढ सगळ्यांत जास्त ओसरते आणि डावपेचांची जवळपास तशीच टिकते, असं यींच्या पाहणीत दिसलं आहे. दादाचं तसंच झालंय. तो आता रात्री साम्राज्यं उभारतो, सावकाश.

गेल्या दिवाळीत पुण्याला त्यानं ‘राजी’ लावला. पुण्यातच नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूनं केलेला आणि २०२० मध्ये आलेला हा गेम. राजी ही मुलगी आपल्या हरवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघते. भिंतींवरून धावते, खांबांवर चढते, आणि वाटेत देवीच्या, विष्णूच्या कथांची भित्तिचित्रं लागतात. एक कंट्रोलर, एक सोफा. काही न ठरवता आमची वाटणी झाली. लढाई आली की मी कंट्रोलर त्याच्या हातात द्यायची. भिंत आली की तो माझ्या हातात द्यायचा, आणि मी चित्रापुढं कितीही वेळ उभी राहिले तरी त्यानं पाय आपटला नाही. एकदा तर त्यानंच डावीकडं बोट दाखवलं, ‘तिकडं जाऊन बघ, काहीतरी असेल.’

आई शेजारच्या खुर्चीत फोन घेऊन बसली होती. अडीच वाजून गेले होते. बडोद्याच्या मावशीची शेवटची सोंगटी घराकडं वळायच्या जरा अलीकडं, आईची बरोबर तिच्या मागं, आणि फासा नेमका हवा तो पडलेला. मी खांद्यावरून बघत होते. आईनं चष्मा वर सरकवला, पट नीट बघितला, आणि दुसरीच सोंगटी पुढं चालवली. फोनमधून मावशी ओरडली, ‘अगं, मारायची होतीस की!’

‘दिसलीच नाही बघ,’ आई म्हणाली.