रंगाखालचा सांगाडा

गेल्या वर्षी काही महिने आम्ही उभयता कन्येकडे अमेरिकेत, टेक्सास राज्यात होतो. जावई तेथे प्रदर्शनांतून कापड विकतात. माल नेण्यासाठी त्यांना गाडीमागे जोडायचा बंद ट्रेलर घ्यायचा होता. विक्रेत्याच्या आवारात दोन ट्रेलर शेजारी उभे होते. मापे सारखी, रंगही सारखा. किमतीत मात्र बराच फरक. जावई स्वस्त ट्रेलरकडे वळले. मी म्हणालो, "जावईबापू, थोडे थांबा. आधी खाली वाकून पाहू."

यामागे एक जुनी टोचणी होती. बँकेत असताना एका छोट्या व्यापाऱ्यास टेम्पोच्या बंद बॉडीसाठी मी कर्ज मंजूर केले, ते केवळ कोटेशन व नवा रंग पाहून. दुसऱ्याच पावसाळ्यात छत गळले आणि साड्यांचे गठ्ठे भिजले. त्या गृहस्थांनी एकही हप्ता चुकवला नाही, मला बोलही लावला नाही. म्हणूनच ते मनाला अधिक लागले.

विजेरी घेऊन मी ट्रेलरखाली वाकलो. स्वस्त ट्रेलरच्या तळाचे आडवे लोखंडी आधार २४ इंचांच्या अंतरावर होते, महागाचे १६ इंचांवर. भिंतींच्या उभ्या खांबांचेही तसेच. एकाचे छत अखंड पत्र्याचे, दुसऱ्याचे जोडाचे. मग दारे लावून जावयांना आत उभे केले व विचारले, "कोठे उजेड दिसतो का?" स्वस्त ट्रेलरच्या मागच्या कोपऱ्यात तो दिसला. जेथून उजेड शिरतो, तेथून पाणीही शिरते.

शेवटी वजनाची पाटी वाचली. एकूण मर्यादा ७००० पौंड असली आणि ट्रेलरचेच वजन २६०० पौंड असले, तर मालासाठी ४४०० पौंडच उरतात. मजबूत ट्रेलर स्वतःही जड असतो, हेही हिशेबात धरावे लागते.

अखेर मजबूत बांधणीचाच, परंतु लांबीने दोन फूट कमी असलेला ट्रेलर घेतला. अंदाजपत्रकही सांभाळले गेले.

परतल्यावर त्या व्यापारी गृहस्थांना भेटून मी जुनी चूक बोलून दाखवली. ते हसून म्हणाले, "साहेब, तुम्ही नुसते सांगितले असते, तर मीही लहानच बॉडी घेतली असती."

कर्ज देणाऱ्याने कागद तपासावा, हे खरेच. पण एकदा वाकून पाहावे आणि जे दिसेल ते सांगावे, हेही त्याचेच काम आहे. हे मला निवृत्तीनंतर उमगले.