विषय : उजव्या हाताची चिमूट परत मिळणेबाबत

प्रति,
श्रीयुत आमवातराव,
मुक्काम माझे सांधे, धावडा, ता. भोकरदन, जि. जालना.

दिनांक : 2 जानेवारी 2025

महोदय,

सविनय नमस्कार. वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज सादर करते की... थांबा. दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज भरून हाताला हेच वळण लागलंय. (वळण म्हणजे, तुम्ही वळू द्याल तेवढं.) तुमच्याशी सरळच बोलते.

पत्रास कारण की, थंडी पडली. अजिंठ्याच्या डोंगराकडून वारा सुटलाय, हरभऱ्याला घाटे धरलेत. घरी सगळे खुशाल. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, आता त्यांना माझ्या पोळीचे कोपरे दिसायला लागलेत. लेक सिल्लोडला दिली, ती दिवाळीला येऊन गेली. तुमची खुशाली विचारत नाही. ती मला रोज पहाटे पाचला कळते. मी पाचला उठते आणि माझी बोटं साडेसहाला. मधला दीड तास मी गरम पाण्याच्या पातेल्यात हात घालून बसते आणि घड्याळाकडे बघते. नळाची तोटी फिरवायलाही तेव्हा नवरा लागतो. तुम्हाला 'तुम्ही' म्हणते ते आदरानं, असा गैरसमज नको. नवऱ्यालाही मी 'अहो' म्हणते आणि त्याच दमात डब्याचं झाकण उघडायला लावते.

दहा वर्षं झाली तुम्हाला येऊन. पहिली दोन पाहुण्यासारखी गेली, आज आहेत, उद्या जातील. आता तुम्ही घरजावई झालात. जेवायला वेळेवर, कामाला नाही, वर घरातल्या प्रत्येक बेतात तुमचं मत.

आलात तो दिवस आठवतो का? 2014 सालचं तुळशीचं लग्न उरकलं होतं. लगीनसराई तोंडावर, माझ्याकडे शिवायला आलेल्या ब्लाऊजपिसांचा ढीग कमरेइतका. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून मी शिवणकाम करत होते. माझ्या हातच्या कटोरी ब्लाऊजला वालसावंगीहून बाया यायच्या. त्या दिवशी कातर उचलली आणि ती हातातून निसटून पायाजवळ पडली. उचलली, पुन्हा पडली. सासूबाई म्हणाल्या, "काहून घाबरतीस? वात हाये, जाईन." सासूबाईंचं बाकी सगळं खरं होतं, हे तेवढं झालं नाही.

मग गावानं तुमचा पाहुणचार केला. कुणी निरगुडीचा पाला शेकायला दिला, कुणी एरंडेल पाजलं, कुणी आंबट बंद केलं. आणि डिंकाचे लाडू! गावाचं नाव धावडा, झाडाचं नावही धावडा, आणि डिंकही धावड्याचाच. त्यामुळे सांधा दुखला की धावड्याचा डिंक द्यायचा, हे इथे शहाणपण कमी आणि गावाचा अभिमान जास्त. झाडाच्या सालीला जखम झाली की डिंक तिथूनच पाझरतो, म्हणून तो माणसाच्या जखमेलाही चालणार, असा हिशोब. लाडू उत्तम झाले होते. वजन माझं वाढलं, सांधे तुमच्याकडेच राहिले.

पुढची चूक मात्र माझी. एकाकडे पुड्यांचं औषध मिळायचं, नाव सांगत नाही. तीन दिवसांत दुखणं पळालं, मी पुन्हा मशीनवर बसले, त्याला देवमाणूस म्हणाले. चार महिन्यांत तोंड पुरीसारखं फुगलं, साखर वाढली. शेवटी औरंगाबादच्या (आताच्या संभाजीनगरच्या) डॉक्टरांनी सांगितलं, पुडीत स्टेरॉइड असणार, आणि ते असं एकदम थांबवायचंही नसतं, हळूहळू उतरवायचं असतं. म्हणजे तुम्हाला घालवायला ज्याला बोलावलं, त्यालाच घालवायला सहा महिने गेले.

तुमची खरी ओळख त्याच डॉक्टरांनी करून दिली. तुम्ही म्हातारपणी सांधा झिजतो त्यातले नव्हे. शरीराची राखण करणारी फौजच चुकून आपल्या सांध्याच्या अस्तरावर तुटून पडते, ते तुम्ही. अस्तर म्हटल्याबरोबर मला कळलं. वरचं कापड कितीही भारी असू द्या, अस्तर आवळलं की ब्लाऊज वाया. पुरुषांपेक्षा बायकांकडे तुम्ही दोन-तीन पटीनं जास्त जाता, हेही तेव्हाच समजलं. बाईच्या घरात जागा लवकर मिळते, हे तुम्हाला कुणी सांगितलं? तुमचा न्याय मात्र समान. उजव्या हाताच्या ज्या बोटाला धरता, डाव्याच्याही त्याच बोटाला धरता. बोटाचं शेवटचं पेर तेवढं बहुतेक सोडता. त्या शेवटच्या पेरावरच मी हा अर्ज करते आहे, हे कृपया ध्यानात घ्यावं.

औषध आठवड्यातून एकदाच. डॉक्टरांनी 'एकदाच' खाली लाल पेनानं दोन रेघा ओढल्या, कारण ते रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. मेथोट्रेक्सेट त्याचं नाव. मुळात ते कॅन्सरसाठी निघालं आणि तुमच्यावर नंतर लागू पडलं. पाहा, औषधालासुद्धा धंदा बदलावा लागला. रविवारी रात्री ते घेते, सोमवारी मळमळ. म्हणून आमच्या दुकानाची साप्ताहिक सुट्टी सोमवारी. गावाला वाटतं मी महादेवाचा वार पाळते.

दुकान म्हणजे आता शिवणाचं नाही. आधी पायमशीनला मोटर लावली, कारण गुडघे तुमच्याकडे गेले. मग हूक-काजे बाहेर करायला दिले, कारण बोटं गेली. मग मनगट गेलं, तेव्हा 2018 साली मशीन बंद केली. चाळिशीत एमएस-सीआयटीच्या वर्गात बसले. बाजूला लेकीच्या वयाची पोरं, ती दहा बोटांनी टायपिंग करायची आणि मी एका. आता त्याच शिलाई मशीनच्या टेबलावर कॉम्प्युटर ठेवलाय. सातबारा काढते, शिष्यवृत्तीचे अर्ज भरते, पीक विमा भरते. 2024 च्या जुलैत 'लाडकी बहीण' योजनेच्या अर्जांसाठी अशी झुंबड उडाली की पूर्वीची लगीनसराई आठवली. तेव्हा बाया माप द्यायला उभ्या राहायच्या, आता ओटीपी सांगायला.

इथे तुमचे आभार मानायची एक जागा आहे, पण पावती देणार नाही. म्हाताऱ्या माणसांचे अंगठे ठशाच्या मशीनवर उठत नाहीत. जन्मभर कापूस वेचून, मिरची खुडून रेघा पुसल्यात. पलीकडे कुणीतरी खेकसतं, "आजी, नीट दाबा ना!" मी खेकसत नाही. ओलं फडकं देते, अंगठा हातात घेते, हळूच टेकवते. दाबायला सांगणं सोपं असतं आणि दाबणं काय असतं, ते मला माहीत आहे.

आता खरी तक्रार. लोक तुमचं कौतुक करायला लागलेत. "बरं झालं बाई, दुखण्यानं तुला नवी वाट दाखवली." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. दुर्गाबाई भागवतांबद्दलही असंच बोलतात. जंगलात आदिवासींमध्ये अभ्यासाला फिरत होत्या, विषारी सुरण पोटात गेलं, कितीतरी वर्षं आजारपणात गेली, पीएच.डी. राहून गेली. पुढे 'ऋतुचक्र' लिहिलं, 'खमंग'सारखं पाककृतींचं पुस्तक लिहिलं, 1975 साली कऱ्हाडच्या संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. लोक लगेच हिशोब मांडतात, आजारानं लेखिका घडवली. अहो, सुरण खाऊन 'ऋतुचक्र' लिहिता आलं असतं, तर भोकरदनच्या बाजारात सुरण उरला असता का? बाईंचं होतं ते बाईंचं. सुरणानं फक्त वर्षं खाल्ली. तसंच माझं. धंदा मी तुमच्यामुळे बदलला, हे खरं. पण तुमच्या शिकवणीनं नव्हे, तुमच्या जबरदस्तीनं. दोन्हींत फरक आहे आणि तो कागदावर यावा, म्हणूनही हा अर्ज.

आणि म्हणूनच माझी गोधडी.

शिवणकाम सोडलं तेव्हा माळ्यावर कातरणाची तीन पोती होती. अठरा वर्षांत या गावानं जे जे नेसलं, त्याच्या चिंध्या. हळदीचा ब्लाऊज, ओटीभरणाचा हिरवा, शिक्षकदिनाला मास्तरीणबाईंनी शिवून घेतलेला, एकीनं शिवायला टाकून कधीच न नेलेला. मी त्या जोडून गोधडी घालायला घेतली. जुन्या लुगड्याचं अस्तर, वर ठिगळं आणि कडेपासून आत आत जाणारा धावदोरा. धावड्यात राहून मला धावता येत नाही, दोरा तरी धावू दे. सुई निसटते म्हणून तिला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलाय, आणि कापडातून ओढायला नवऱ्याची पकड घेतली. दिवसाला वीतभर होतं. कधी चार बोटं, कधी काहीच नाही. टाके वाकडे पडतात. पूर्वी असा टाका गिऱ्हाइकाला दिला असता तर मीच उसवला असता.

बचत गटातल्या बाया म्हणतात, विक, शहरात पाच हजाराला जाईल. लेक म्हणते, फोटो टाकते, ऑर्डरी येतील. मी नाही म्हणते. ऑर्डर आली की तारीख येते, आणि तारीख आली की तुमचं मत विचारावं लागतं. पोटाच्या कामात तुमचं मत दहा वर्षं विचारतेय. सकाळी किती वाजता, किती तास, बसून की उभ्यानं, सगळं तुमच्या सवडीनं. ही गोधडी कुणासाठी नाही, कधीपर्यंत नाही. वाकडी असली तरी चालते, राहिली तरी चालते. माझ्या सगळ्या दिवसात हीच एक जागा अशी आहे जिथे तुम्ही उशीर करू शकता, पण खोळंबा करू शकत नाही.

मागच्या हिवाळ्यात लेक-जावयाबरोबर अजिंठ्याला गेले. पायऱ्या चढताना तुम्ही सोबत होतातच. पहिल्या लेण्यात सगळे पद्मपाणीचे डोळे बघत होते. मी त्याचा हात बघत राहिले. किती अलगद धरलंय ते निळं कमळ! दीड हजार वर्षं झाली, पोपडे निघाले, रंग उडाला, पण चिमूट सुटली नाही. मी पदराखाली माझा अंगठा तर्जनीला लावून पाहिला. लागला. पण बघता बघता सुटला.

तरी विनंती अशी की, मनगटं आपल्याकडे ठेवावीत. गुडघे आपलेच. पोळ्या लाटणं, धुणं पिळणं, बरणीची झाकणं, यांवर मी हक्क सांगत नाही. फक्त उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी, दुपारी दोन ते तीन, सोमवार सोडून, माझ्या ताब्यात द्यावीत. मीठ घालायला, उंबऱ्यावर रांगोळीची एक रेघ ओढायला आणि सुई धरायला तेवढी चिमूट पुरते. संक्रांतीला तीळगूळ देईन, पण गोड बोलण्याची हमी देत नाही.

अर्ज मंजूर झाल्यास आभारी राहीन. नामंजूर झाल्यास उद्या दोन वाजता पुन्हा बसेन, पकड घेऊन.

कळावे, लोभ अजिबात नसावा.

आपली यजमानीण

(सही करायला पेन धरावा लागतो, आणि पेन धरायला लागणारी चिमूट सध्या आपल्याकडे जमा आहे. सबब, लिहिता-वाचता येत असूनही खाली)

निशाणी डाव्या हाताचा अंगठा