वेताचें शहाणपण

महाभारताच्या शांतिपर्वांत समुद्र आणि नद्या यांचा एक लहानसा संवाद आहे. तुम्ही मोठमोठे वृक्ष समूळ उपटून मजकडे आणतां, परंतु तुमच्याच कांठीं वाढणारा क्षुद्र वेत कधीं आणीत नाहीं, याचें कारण काय, असें समुद्र विचारतो. गंगा उत्तर देते कीं, वृक्ष आपल्या जागीं ताठ उभे राहतात म्हणून उन्मळतात. वेत मात्र प्रवाहाचा वेग पाहून वांकतो आणि वेग ओसरला म्हणजे पुनः सरळ होतो. कालिदासानेंही रघुवंशांत हाच दृष्टांत योजिला आहे. रघूच्या सैन्यापुढें सुह्म देशच्या लोकांनीं वेताप्रमाणें नमून आपलें रक्षण केलें, असें तो सांगतो. या वागण्याला 'वैतसी वृत्ति' म्हणतात.

हा उपदेश दुर्बळ राजांकरितां सांगितला गेला खरा. परंतु आजच्या काळीं तो कोणास अक्षरशः लागू पडत असेल, तर राष्ट्रीय उद्यानें सांभाळणाऱ्या वनाधिकाऱ्यांस. पूर, वादळ आणि वणवा हे तीन प्रबळ शत्रु त्यांच्या दाराशीं नित्य उभे असतात. त्यांपुढें कोठें वांकावें आणि कोठें ताठ उभें राहावें, हा त्यांचा रोजचा प्रश्न होय. घरबसल्या आपणांस त्याच्याशीं काय कर्तव्य, असें कोणी म्हणेल. पण हल्लीं मुलांना सुटी लागली कीं घरोघर ताडोबाचे बेत ठरतात, पावसाळ्यांत गळ्यापर्यंत पाण्यांत उभ्या असलेल्या गेंड्याचें चित्र फोनवर येतें, आणि चहाचा पेला खालीं ठेवीत कोणीतरी विचारतें, "सरकार करतें तरी काय?" या प्रश्नाचें उत्तर वाटतें तितकें सोपें नाहीं. म्हणून त्याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम काझीरंग्याकडे पाहूं. आसामांतील या रानाच्या रक्षणाची पहिली योजना १९०५ सालीं झाली. १९७४ सालीं तें राष्ट्रीय उद्यान झालें आणि १९८५ सालीं जागतिक वारशाच्या यादींत त्याचें नांव आलें. २०२२ च्या गणनेंत तेथें २,६१३ एकशिंगी गेंडे भरले. उत्तरेस ब्रह्मपुत्रा, दक्षिणेस कार्बी आंगलाँगच्या टेकड्या, आणि मधल्या सखल पट्टींत हत्ती झांकून जाईल एवढें उंच गवत, थोडी झाडी व 'बील' नांवाचीं उथळ तळीं, अशी तेथील रचना आहे. पावसाळ्यांत ब्रह्मपुत्रा पात्र सोडून या रानांत शिरते, आणि मोठ्या पुराच्या वर्षीं बहुतेक उद्यान पाण्याखालीं जातें. १९८८ च्या पुरांत हजाराहून अधिक जनावरें दगावलीं. २०१२ व २०१७ सालींही शेंकडों मेलीं.

असें आहे तर नदीला मोठा बांध घालून पूर कायमचा कां थांबवूं नये? कारण हें रान पुरानेंच घडविलेलें आहे. पूर येतांना ताजा गाळ घेऊन येतो. त्यानें गवत पोसतें. बिलांत सांचलेली पाणवनस्पति तो धुऊन नेतो आणि नदींतले मासे अंडीं घालण्यास आंत येतात. पूर येण्याचें थांबलें तर तळीं भरून जातील, गवताच्या जागीं झाडी माजेल, आणि गवतावर जगणाऱ्या गेंड्याला रानांतच उपवास घडेल. जो कांहींना बुडवितो तोच सर्वांना पोसतो. अशा पाहुण्याला दार लावून चालत नाहीं. त्याच्यासाठीं ओटी मोकळी करून आपण माजघरांत सरकावें, हेंच शहाणपणाचें.

अग्नीचीही तेथें तीच गोष्ट आहे. एका फेब्रुवारींत आम्ही सहकुटुंब काझीरंग्यास गेलों होतों. उघड्या मोटारींतून जातांना एके ठिकाणीं मैलभर जमीन कोळशासारखी काळी पडलेली दिसली आणि तिच्या कडेला गवत अजून धुमसत होतें. आमच्या धाकट्या बंधूंची नात घाबरून म्हणाली, "आजोबा, वणवा लागलाय आणि हे लोक नुसते बघत उभे आहेत!" बरोबरचा वनरक्षक हंसला आणि त्यानें मोडक्या हिंदींत तिला समजाविलें कीं, ही आग आम्हींच लाविली आहे. वाळलेलें गवत दर हिंवाळ्यांत थोडथोडें जाळलें नाहीं तर त्यांत झाडोरा शिरतो. जाळल्यावर थोड्याच दिवसांत कोंवळे कोंभ फुटतात आणि हरणें व गेंडे त्यांवर चरतात. मुलीचें समाधान झालें नाहीं. "आणि मग पिलांचं काय?" असें ती विचारीत राहिली, आणि तो प्रश्न आम्हांस अयोग्य वाटला नाहीं. सगळें रान एकदम न पेटवितां तुकड्यातुकड्यांनीं जाळावें लागतें, तें याचसाठीं. एका तुकड्यांत आग असतांना जनावराला शेजारच्या तुकड्यांत जाण्यास वाट राहिली पाहिजे.

या 'वाट' शब्दापाशीं क्षणभर थांबूं. आदिपर्वांतील खांडववनदहनाची कथा घरोघर ठाऊक आहे. त्या प्रसंगाची भीषणता केवळ ज्वाळांत नाहीं. वनाच्या दोन बाजूंस दोन रथ उभे होते आणि बाहेर पडूं पाहणाऱ्या प्राण्यांची वाट बंद झाली होती. म्हणून एवढ्या विशाल वनांतून अश्वसेन नाग, मयासुर आणि चार शार्ङ्गक पक्षी असे सहाच जीव वांचले. अग्नि काय किंवा पूर काय, पळावयास वाट असेल तर तो ऋतुचक्राचा एक भाग असतो. वाट बंद झाली कीं त्याचा संहार होतो.

काझीरंग्यांत हें डोळ्यांनीं दिसतें. पाणी चढूं लागलें म्हणजे हत्ती, हरणें, गेंडे पिढ्यान्‌पिढ्या दक्षिणेकडील टेकड्यांवर जात आले. परंतु रान आणि टेकड्या यांच्यामधून राष्ट्रीय महामार्ग जातो. त्यावर मालमोटारी धांवतात, आणि त्याच्या कडेनें वस्त्या, हॉटेलें व प्रवाशांचे बंगले उठले. टेकड्यांवर दगडांच्या खाणी सुरू झाल्या. अखेर २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या पाणलोट क्षेत्रांतील खाणकामास बंदी केली आणि प्राण्यांच्या नऊ वाटांवरील खासगी जमिनींत नवें बांधकाम करूं नये असा आदेश दिला. २०२५ सालीं केंद्र सरकारनें या रस्त्याचा सुमारें साडेचौतीस किलोमीटरांचा भाग खांबांवर उचलण्याच्या योजनेस मंजुरी दिली. जनावरांनीं खालून जावें आणि माणसांनीं वरून, अशी ही कल्पना आहे. ती तडीस गेली तर काझीरंग्याच्या पूरव्यवस्थेंत तिच्याइतकें महत्त्वाचें दुसरें काम क्वचितच असेल.

तोंवर वनखातें हातीं आहे तें करतें. पुराच्या दिवसांत रस्त्यावरील मोटारींचा वेग बांधून दिला जातो. वाहनाला रानाच्या एका टोंकाला वेळ लिहिलेली चिठ्ठी देतात आणि दुसऱ्या टोंकाला कोणी वेळेच्या आधींच पोंचला तर दंड होतो. उद्यानांत मातीचे उंच भराव घातले आहेत. २०१७ च्या सुमारास त्यांत तेहतीस नव्या भरावांची भर पडली. पाणी चढलें कीं एकाच भरावावर गेंडा, हरिण आणि रानडुक्कर अंग चोरून उभीं राहतात. २००२ पासून उद्यानाच्या कडेस जखमी व पोरक्या प्राण्यांसाठीं शुश्रूषा-केंद्र चालू आहे. आणि या सर्वांच्या मुळाशीं आहे तो वनरक्षक. चहूंकडे पाणी असतां तो खांबांवरील चौकींत राहतो आणि होडींतून गस्त घालतो. कारण पुराची संधि साधून शिकारीही होडींतूनच येतात. त्याचें चित्र आपल्या फोनवर सहसा येत नाहीं.

आतां ताठ उभें राहण्याच्या हट्टाचें उदाहरण पाहूं. त्यासाठीं अमेरिकेंतील यलोस्टोनला जावें लागेल. हें उद्यान १८७२ सालचें. १८८६ सालीं तें लष्कराच्या हवालीं झालें आणि त्याच वर्षीं सैनिक तेथील वणव्याशीं लढले. तेव्हांपासून ऐंशींहून अधिक वर्षें, दिसेल ती आग विझवावयाची, हेंच तेथील धोरण होतें. लोजपोल नांवाच्या तेथील पाइन वृक्षांचे कित्येक शंकु राळेनें बंद झालेले असतात आणि आगीच्या उष्णतेनेंच उघडून बीं सांडतात. आग हीच जेथें पेरणारी, तेथें तिला सर्वस्वी हांकलून कसें चालावें? हें ध्यानीं येऊन १९७२ सालीं धोरण बदललें, आणि विजेनें लागलेले वणवे, गांवांना धोका नसेल तर, जळूं द्यावे असें ठरलें.

पुढें १९८८ चा उन्हाळा अत्यंत कोरडा गेला. उद्यानाचा छत्तीस शतांश भाग, म्हणजे सुमारें तीन हजार दोनशें चौरस किलोमीटर रान, आगीच्या कक्षेंत आलें. जुलैच्या उत्तरार्धांत सर्वच आगी विझविण्याचा हुकूम सुटला. एकंदर पंचवीस हजारांच्या आसपास माणसें झुंजलीं आणि सुमारें बारा कोटि डॉलर खर्च झाले. तरी आग आटोक्यांत आली ती सप्टेंबरांत पाऊस आणि हिम पडल्यावरच. लोकांनीं नव्या धोरणावर तोंडसुख घेतलें. मात्र ज्या वणव्यानें ओल्ड फेथफुल येथील लांकडी वाडावजा हॉटेलापर्यंत मजल मारली, तो उद्यानाबाहेर एका लांकूडतोड्याच्या सिगारेटीनें लागला होता, आणि पहिल्या दिवसापासून त्याच्याशीं झुंज चालली होती. वाऱ्यापुढें तिचें कांहीं चाललें नाहीं. पण छपरावर पाण्याचे फवारे सोडून तें हॉटेल मात्र वांचविलें. रान निसर्गावर सोपवावें, पण माणसांच्या घरापाशीं ताठ उभें राहावें, हा भेद यावरून स्पष्ट होतो. दुसऱ्याच वर्षीं राखेंतून पाइनचीं रोपें वर आलीं.

त्याच यलोस्टोनमध्यें जून २०२२ मध्यें वितळत्या बर्फावर पाऊस कोसळून मोठा पूर आला. दहा हजारांहून अधिक प्रवासी सुखरूप बाहेर काढले गेले. परंतु उत्तरेकडील रस्ता नदीनें ठिकठिकाणीं गिळला. तो रस्ता दरींत नदीला लगटून केलेला होता. मग एकोणिसाव्या शतकांत घोडागाड्यांसाठीं डोंगराच्या अंगानें काढलेली जुनी वाट शोधून ती रुंद केली, आणि ऑक्टोबर अखेर त्यावरून वाहतूक सुरू झाली. पूर्वजांनीं नदीला तिची जागा सोडली होती म्हणून त्यांची वाट उरली.

वादळाला तर बांधही नाहीं आणि जाळरेषाही नाहीं. २००९ चें आयला आणि २०२० चें अम्फान हीं दोन्ही वादळें सुंदरबनावर आदळलीं. तेथील खारफुटीचें रान स्वतः वेताप्रमाणें मार सोसून लाटांचा जोर मोडतें. वादळानंतर गोड्या पाण्याच्या तळ्यांत शिरलेलें खारें पाणी उपसावें लागतें, आणि वाघ व गांव यांच्यामधील तुटलेलीं जाळीं तातडीनें पुनः बांधावीं लागतात. रानाला सावरावयास वेळ दिला तरी चालतो. जाळ्याला एक रात्रही देतां येत नाहीं.

आपल्या महाराष्ट्रांतील प्रश्न आणखी निराळा आहे. ताडोबा आणि मेळघाट येथील उन्हाळी वणवे बहुतेक माणसाच्या हातून लागतात. मोहाचीं फुलें वेंचतां यावीं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवितात आणि तोच भडकतो. कोठें विडीचें थोटूकही पुरतें. अशा आगीपुढें वांकण्याचें कारण नाहीं. ती रोखण्यासाठीं उन्हाळ्यापूर्वींच जाळरेषा काढतात, उपग्रहांकडून आगीची सूचना मिळवितात, आणि फुलें वेंचणाऱ्यांना पाचोळा झाडून काढण्याची वा जाळीं अंथरण्याची संवय लावूं पाहतात. यांत गांवकऱ्यांना गुन्हेगार ठरविण्यापेक्षां त्यांना हाताशीं धरण्यानेंच अधिक काम झालें आहे. कारण वणवा प्रथम त्यांनाच दिसतो.

वेतालाही एका मर्यादेपलीकडे वांकतां येत नाहीं, हें मात्र विसरूं नये. पृथ्वीचें हवामान तापत चाललें आहे. यलोस्टोनमध्यें १९८८ नंतर उगवलेल्या कोंवळ्या रानाचा कांहीं भाग २०१६ सालीं पुनः जळाला, आणि तेथें रोपें पूर्वींपेक्षां फार थोडीं उगवलीं. दोन वणव्यांमधील अंतर कमी झालें तर पेरणाऱ्या अग्नीजवळ पेरावयास बींच उरत नाहीं. येथें वनरक्षकाचें शहाणपण संपतें आणि सर्व जगाच्या राहणीचा प्रश्न सुरू होतो.

त्या मोठ्या प्रश्नांतील आपला वाटा लहान आहे, पण तो अगदींच नाहीं असें नव्हे. सहलीस जातांना, आपण उतरणार तें ठिकाण जनावरांच्या वाटेवर तर उठलेलें नाहीं ना, याची चौकशी करावी. रानाशेजारील रस्त्यावर मोटार सावकाश हांकण्यास सांगावें. पावसाळ्यांत उद्यान बंद असलें तर कुरकुर करूं नये. त्या दिवसांत रान आपलें काम करीत असतें. आणि पाण्यांत उभ्या असलेल्या गेंड्याचें चित्र पुढच्या श्रावणांत घरच्या मुलांनीं दाखविलें, तर पाणी कोठून आलें याबरोबरच त्याची टेकडीकडची वाट कोणीं अडविली, हेंही त्यांना विचारावयास शिकवावें.