वरण पातळ होतें तेव्हां

महागाईवर आम्ही आजवर पुष्कळ ऐकलें व वाचलें. त्यांत भाव असतात, सरकारास दोष असतो, व्यापाऱ्यास शिव्याशाप असतात. कोणाच्या पानांतून काय उणें झालें, एवढें मात्र कोणी सांगत नाहीं. वाचकांची परवानगी घेऊन आज त्याविषयींच चार शब्द लिहितों, आणि तेही एका तुरीच्या डाळीपुरते.

२०१४ व २०१५ अशीं दोन वर्षें लागोपाठ पाऊस ओढून राहिला, मराठवाड्यांत तूर करपली, आणि २०१५ च्या दिवाळीच्या सुमारास शहरांतून डाळ किलोस दोनशें रुपयांच्या घरांत गेली. तूर हें सहासात महिन्यांचें, बहुधा कोरडवाहू पीक. बाजारानें आज हांक मारली म्हणून शेत उद्यां ओ देत नाहीं. पुढील वर्षीं तो चढा भाव पाहून शेतकऱ्यानें तूर भरपूर पेरली, पाऊसही बरा झाला, आणि देशांतील पीक २५ लाख टनांच्या आसपास होतें तें ४८ लाख टनांवर गेलें. लगेच भाव क्विंटलला ५०५० रुपये या सरकारी हमीभावाच्याही खालीं घसरला व खरेदीकेंद्रांपुढें पोत्यांच्या रांगा लागल्या. म्हणून स्वस्ताईचा जप करतांना आमची जीभ थोडी अडखळते. आमचें स्वस्त वरण म्हणजे लातूरकडील कोणाच्या तरी घरची ओढगस्त असते.

पण आम्हांस बोलावयाचें आहे तें आमच्याच घराविषयीं. पूर्वी नवी तूर बाजारांत आली कीं वर्षाची डाळ एकदम घेत, तिला उन्हें देऊन एरंडेल चोळीत व पिंपें भरून ठेवीत. भाव चढला तर रक्कमही एकदम मोठी जाई, आणि ती कर्त्या पुरुषास जाणवे. आतां बिऱ्हाडांत पिंपांना जागा नाहीं. डाळ महिन्याच्या वाणसामानांतून येते. भाव दहादहा, वीसवीस रुपयांनीं चढतो, आणि बायकांच्या हातीं पडणारी घरखर्चाची रक्कम तेवढीच राहते. मधली तूट भरून काढतें तें पाणी.

हें पाणी कोणाच्या पानांत जातें? थोरल्या वहिनींनीं एकदां आम्हांस ऐकविलें, "भाऊजी, भाव तुम्ही रोज वर्तमानपत्रांत वाचतां. एकदां शेवटच्या पंगतीला बसा, म्हणजे वाचायला नको." पहिल्या पंगतीस पुरुष व मुलें; तेथें वाढप आग्रहाचें. मग उरल्या डाळींत गरम पाणी घालून ती वाढवावयाची आणि बायकांनीं भातावर ओढून घ्यावयाची. त्या पंगतीस आग्रह करावयास कोणी नसतें.

आम्ही वही काढून हिशेब मांडला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं दोन हजार उष्मांकांच्या आहारास रोजचें ८५ ग्रॅम डाळ-कडधान्य सांगितलें आहे. आमच्या दहा माणसांस महिन्याचे साडेपंचवीस किलो होतात. वहींत डाळ, उसळी, बेसन सारें मिळून सोळा निघाले. उरलेली तूट सर्वांनीं सारखी वांटून घेतली असती तर गोष्ट निराळी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील पंधरा ते एकूणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ जणींच्या अंगांत रक्त कमी आढळलें. त्याचें कारण एकटी डाळ नव्हे हें आम्ही जाणतों. परंतु त्या ५४ जणी केवळ गरिबांच्याच घरच्या आहेत असें मानणें हा शहाण्यांचा भाबडेपणा होय.

ऑक्टोबर २०२४ मध्यें खाद्यवस्तूंची महागाई शेंकडा १०.८७ होती, पुढच्या ऑक्टोबरांत ती शून्याखालीं उतरली. असें असूनही पातळ झालेलें वरण आपोआप घट्ट होत नाहीं. तोंवर तीच चव घरास रुळलेली असते, आणि वाचलेले पैसे दुसरीकडे गेलेले असतात. कोठें, तें त्याच वहींत सांपडलें: घरपोंच मागविलेल्या खाण्याचा आंकडा डाळीच्या सव्वापट होता. त्यावर महागाईची ओरड आमच्याकडे कधीं ऐकूं आली नव्हती. थोरले बंधु आंकडा पाहून बराच वेळ चष्मा पुशीत बसले.

आतां घरखर्चाची रक्कम दर तीन महिन्यांनीं, वही पुढें ठेवून, सर्वांदेखत ठरते. रात्रीची पंगत एकच होते आणि पातेलें मध्यें असतें. महागाईच्या महिन्यांत तुरींत मूग वा मसूर मिसळतात. मसुरास सणावारीं मातुश्रींची परवानगी नाहीं. त्या दिवशीं तूरच शिजते, आणि ती पुरेशी घट्ट आहे कीं नाहीं तें त्या स्वतः झांकण काढून पाहतात.