चित्रातली छोटी माणसं

चिनी भाषेत निसर्गचित्राला ‘शान-श्वे’ म्हणतात. शान म्हणजे डोंगर, श्वे म्हणजे पाणी. नावात माणूस नाहीच. चित्रात तो असतो, फक्त शोधावा लागतो. फान ख्वानचं इ.स. १०००च्या सुमाराचं प्रसिद्ध चित्र घ्या. दोन मीटरहून उंच रेशमी पट, आणि बहुतेक जागा एका कड्यानेच व्यापलेली. खाली उजवीकडे खेचरांचा छोटासा तांडा आणि त्याला हाकणारी माणसं. मोबाइलवर झूम केल्याशिवाय दिसतसुद्धा नाहीत! त्यांच्याजवळच्या झाडीत चित्रकाराने आपलं नावही लपवलंय. ते सापडलं थेट १९५८ साली. मी एकदा तांडा अंगठ्याने झाकून पाहिला. कडा चटकन लहान झाला. त्याची उंची मोजायला ती माणसं लागतातच.

आमच्या धार जिल्ह्यात याच्या अगदी उलट. बाघच्या लेण्यांतल्या चित्रांत माणसंच माणसं: नाचणाऱ्या बायका, हत्ती-घोड्यांची मिरवणूक, तोंड झाकून रडणारी एक बाई. १९२१मध्ये नंदलाल बोस त्यांच्या प्रतिकृती करायला इथे आले होते आणि १९२४ला टागोरांबरोबर चीनला गेले. बाघहून चीन! हा प्रवास मला फार आवडतो.

बाबांच्या नोकरीमुळे आम्ही सरदारपूरला राहतो. आजोबा वसईहून आमच्याकडे आले आणि रोज संध्याकाळी माहीच्या काठी फिरायला जाऊ लागले. समोरच्या काठावरून मी त्यांचा एक फोटो काढला होता. सगळा खडक, पाणी, आभाळ. आजोबा छत्रीसकट एक ठिपका. तोच त्यांचा शेवटचा फोटो ठरला.

वर्षदिनाच्या मिस्सेसाठी आई म्हणाली, “चेहरा तेवढा मोठा करून आण.” स्टुडिओवाल्याने प्रयत्न केला, पण चेहऱ्याचे नुसते चौकोन झाले. मी म्हटलं, आहे तसाच लावू. “अगं, लोक विचारतील, यात आजोबा कुठेत?” विचारू देत की! दोन दिवस आम्ही धड बोललो नाही. मी तिच्यासमोर फोटोवर अंगठा ठेवला. माही कुठलीही नदी झाली. ती काही बोलली नाही; फ्रेम मात्र मोठी आणायला सांगितली.

मिस्सेनंतर वसईहून आलेल्या आत्याने आधी नदीच पाहिली. मग चष्मा लावून फोटोजवळ गेली.

“अगं, ही पप्पांचीच छत्री ना?”